खातं कोरं करू नये

"पाचशे बाहत्तर," बनसोडे मॅडम म्हणाल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला.

"किती पैकी?" मी विचारलं.

"नऊशे."

"मग झाले की हो पास! आमच्या वेळी पस्तिसाला पास करायचे."

मॅडम हसल्या नाहीत. बाई तिशीच्या आतबाहेरची, पण चेहरा हेडमास्तरणीचा. "शालनताई, हा तुमचा सिबिल स्कोअर. घेतलेलं कर्ज माणूस कसं फेडतो, त्यावरून हा आकडा ठरतो. साडेसातशेच्या खाली आमची बँक गाळ्यासाठी कर्ज देत नाही. सरळ सांगते, तुमची पत पडलेली आहे."

पत पडलेली! बार्शीच्या बाजारात हे मला दुसरं कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर त्याच्या डोक्यावर पिठाचा डबाच उपडा केला असता. पण समोर बँक होती आणि गरज माझी होती. मुकाट्यानं उठले.

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. नवरा गेल्यापासून मी पिठाची गिरणी चालवत होते. शेजारी मिरची कांडपाचं मशीन. घरात मी आणि सासरे, अण्णा. गिरणीचा गाळा भाड्याचा होता, कलशेट्टी मालकांचा. पेंडीचे मोठे व्यापारी, म्हातारे झालेले, मुलं पुण्याला. त्या पावसाळ्यात त्यांनी गाळा विकायला काढला.

"आठ लाख," ते मला म्हणाले होते. "पहिला हक्क तुमचा. पण दसऱ्यापर्यंतच. मोबाइलच्या दुकानवाला रोख घेऊन बसलाय."

गाळा गेला म्हणजे गिरणी गेली. जात्याचा पाया जमिनीत बांधलेला, मोटारीचं कनेक्शन त्याच जागेचं, गिऱ्हाईक त्याच गल्लीचं. गिरणी काही पाठीवर टाकून नेता येत नाही. माझ्याकडं अडीच लाख साठलेले होते, साडेपाच बँकेनं द्यायचे, असा माझा हिशेब. आणि बँक म्हणत होती, तुमची पत पडलेली आहे.

मी आहे तापट. आठ दिवसांत आणखी तीन बँकांच्या पायऱ्या चढले. तिन्हीकडं नकार. परत बनसोडे मॅडमकडं आले, तर आकडा पाचशे अठ्ठावन्न.

"हे काय? मी तर एक रुपया उचलला नाही!"

"दारोदार अर्ज केलेत ना? थोड्या दिवसांत चार ठिकाणी मागितलं की दिसतं, बाईला पैशाची निकड लागलीय. आकडा घसरतो." मॅडमनी कपाळाला हात लावला. "आता कुठंही जाऊ नका. आधी दुखणं कुठं आहे ते बघा. तुमचं एक जुनं कर्ज तीन वर्षं थकीत दिसतंय. कांडप मशीनचं."

"ते तर कधीच फिटलं! चोवीसच्या चोवीस हप्ते भरलेत. पाच तारीख कधी चुकवली नाही."

"मग ज्यांचं कर्ज होतं त्यांना जाऊन विचारा."

कर्ज एका फायनान्स कंपनीचं होतं. हप्ता भरायला दर महिन्याला अण्णा जायचे, कारण मला गिरणी सोडता यायची नाही. अण्णा म्हणजे चाळीस वर्षं अडत दुकानात दिवाणजी राहिलेला माणूस. पाच तारखेला सकाळी आंघोळ, धुवट धोतर, टोपी, पैसे दोनदा मोजून लाल पिशवीत, की निघाले. पावत्या तारखेवार दोऱ्यात ओवलेल्या. अशा माणसाच्या हातून हप्ता चुकेल, हे माझ्या मनातही आलं नाही. मी पदर खोचून, भांडायच्याच तयारीनं कंपनीचा जिना चढले.

तिथल्या टायवाल्यानं एक कागद छापून पुढं सरकवला. "थकबाकी चार हजार आठशे साठ."

"कशाची?"

"शेवटचा हप्ता तीन हजार एकशे अकरा होता. तुम्ही तीन हजार एकशे भरलेत. अकरा रुपये कमी. त्याच्यावर दंड, दंडावर व्याज, असं तीन वर्षं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अकरा रुपयांसाठी तुम्ही माझं नाव काळं केलं? एक फोन करता आला नाही?"

"मेसेज जात होते, मॅडम."

मेसेज! दिवसाला वीस मेसेज यायचे, कर्ज घ्या, कर्ज घ्या. मी सगळेच न वाचता पुसायचे. त्यात हेही गेले असणार.

टायवाला पुढं वाकून हळूच म्हणाला, "असं करा, सेटलमेंट करू. अडीच हजार द्या, विषय मिटवून टाकू."

मला ते गोड लागलं. पण एकदा हात पोळलेला होता, म्हणून जिन्यात येऊन बनसोडे मॅडमना फोन लावला.

"खबरदार!" त्या फोनवरच ओरडल्या. "सेटलमेंट म्हणजे पूर्ण फेडलं नाही, असा शिक्का. तो वर्षानुवर्षं पुसत नाही. पैसान्‌पैसा भरा आणि बाकी काही नाही असा दाखला घ्या."

घरी आले. अण्णा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी पिशवी भिरकावली.

"अण्णा, कांडपाच्या शेवटच्या हप्त्यात अकरा रुपये कमी पडले होते?"

"कमी कशाला पडतील? ठेवले."

"ठेवले म्हणजे?"

"बाकी ठेवले," अण्णा शांतपणे म्हणाले. "तो पोरगा म्हणाला, आजोबा, अकरा कमी आहेत. मी म्हटलं, असू दे, खात्यावर राहू दे. शालन, खातं कधी कोरं करू नये. आमच्या अडतीत सालाच्या शेवटी लाखाचा हिशेब व्हायचा, पण अकरा रुपये बाकी सोडायचेच. देणाऱ्यानं सोडायचे, घेणाऱ्यानं मागायचे नाहीत. खातं कोरं करतात ते मेलेल्याचं, नाहीतर भांडलेल्याचं. कंपनीनं अडचणीला पैसे दिले, तिच्याशी संबंध तोडायचा होय?"

सांगताना चेहऱ्यावर केवढं समाधान! सुनेची दुकानदारी आपण रीतीनं सांभाळली, असं.

आणि मग माझी जीभ सुटली. काय काय बोलले ते आज आठवलं तरी लाज वाटते. "कंपनी काय तुमची सोयरी लागते? तुमच्या अकरा रुपयांनी माझा गाळा चालला! आठ वर्षं पीठ खाल्लं मी, नाकातोंडानं, आणि तुम्ही रीत सांभाळत बसला! चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वह्या लिहिल्या, स्वतःच्या घरावर मात्र नांगर फिरवला."

अण्णांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. "मला ठाऊक नव्हतं," एवढंच म्हणाले.

"ठाऊक नसेल तर विचारायचं असतं!"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. ताट वाढायचं, औषध द्यायचं, बस्स. तेही गप्प.

दुसऱ्या दिवशी चार हजार आठशे साठ भरले. दाखला हातात पडेपर्यंत टायवाल्याच्या समोर खुर्चीवर ठाण मांडून बसले. तो जेवायला गेला तरी हलले नाही. तो कागद बनसोडे मॅडमच्या टेबलावर आपटला.

"शाबास," त्या पहिल्यांदा हसल्या. "आता खरं काम. नुसतं जुनं मिटवून आकडा लगेच चढत नाही, नवं चांगलं वागणं दिसावं लागतं. वीस हजाराची ठेव ठेवा, तिच्यावर क्रेडिट कार्ड देते. सोळा हजाराची मर्यादा, पण पाच हजाराच्या वर वापरायचं नाही. आणि बिल तारखेच्या आधी भरायचं, पुरं. दर महिन्याला."

"किती दिवस?"

"सहा महिने तरी."

"दसरा महिन्यावर आलाय हो!"

"ते तुमच्या मालकांशी बोला. माझ्या हातात आकडा आहे, दसरा नाही."

कलशेट्टी मालकांच्या पेंडीच्या दुकानात गेले. पोत्यांच्या थप्पीआड त्यांची गादी. मी सगळं बोलले; सहा महिने द्या म्हटलं, वाटल्यास भाडं वाढवा म्हटलं, शेवटी आवाजही चढवला. मालकांनी ऐकून घेतलं.

"शालनबाई, तुमचं खरं आहे. पण मला पैसे पुण्याला पोरांकडं द्यायचेत. दसऱ्याला मी मोबाइलवाल्याचा विसार घेणार. व्यवहार आहे."

"आठ वर्षांत एकदा तरी भाडं थकलं का माझं?"

"नाही थकलं. म्हणून तर आधी तुम्हाला विचारलं." आणि ते हिशेबात तोंड घालून बसले.

त्याच आठवड्यात एक दिवस दुपारी अण्णा गिरणीत आले. कधी येत नसत, पिठानं त्यांना खोकला व्हायचा.

"एकशे बत्तीस रुपये दे."

"कशाला?"

"पाहिजेत."

गिऱ्हाइकांची रांग होती. भांडायला वेळ नव्हता. गल्ल्यातनं काढून दिले. अण्णांनी मोजून लाल पिशवीत टाकले, छत्री उघडली आणि उन्हात चालायला लागले. मग चार-पाच दिवस रोज दुपारी जायचे, दिवेलागणीला यायचे, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. मी विचारलं नाही. राग होता ना! शेवटच्या दिवशी आले आणि दहाची एक नोट नि रुपयाचं नाणं माझ्यासमोर ठेवलं.

"हे उरले."

मी ते गल्ल्यात टाकले आणि पुढचा डबा जात्यात ओतला.

दसऱ्याला दोन दिवस राहिले असताना कलशेट्टी मालक स्वतः गिरणीच्या दारात उभे. मी म्हटलं, आली वेळ.

"शालनबाई, गुढीपाडव्यापर्यंत थांबतो," ते म्हणाले. "मोबाइलवाल्याला नाही म्हणून कळवलंय. पण पाडव्याच्या पुढं एक दिवस नाही."

मी जात्यावरचा हात काढला आणि त्यांच्या पाया पडले. ते गेल्यावर मात्र छाती फुगली. शेजारच्या टेलरला म्हटलंसुद्धा, "बघितलं का? बोललं पाहिजे माणसानं. माझ्या तोंडापुढं मालकांचं काही चाललं नाही."

मग मी लागले त्या आकड्याच्या मागं. गिरणीच्या भिंतीवर खडूनं ठळक लिहिलं, ५०००. कार्डावर महिन्याचं तेल, पट्टा, किराणा घ्यायचा, प्रत्येक खर्च खाली मांडायचा, बेरीज पाच हजाराकडं आली की कार्ड जवारीच्या डब्यात खाली पुरून ठेवायचं. बिल आलं की दुसऱ्या दिवशी बँकेत. शिपाई मला बघून म्हणायचा, "आली बाई, कॅलेंडर बदला." कार्तिकात आकडा सहाशे चार झाला. पुढच्या महिन्यात सहाशे एकोणचाळीस. मी आकडा भिंतीवर लिहायचे आणि गिऱ्हाईक विचारायचं, "शालनबाई, हा कशाचा भाव?"

"माझा," मी म्हणायचे.

संक्रांतीच्या तोंडावर, ऐन बाजरीच्या दळणात, मोटार जळाली. वायंडिंगचे नऊ हजार. ठेव मोडायची नाही, साठलेल्या अडीच लाखांना हात लावायचा नाही, आणि डब्यात सोळा हजाराचं कार्ड. एक खटका दाबायचा, की मोटार सुरू. पण भिंतीवर पाच हजार लिहिलेलं होतं. मी दोन दिवस गिरणी बंद ठेवून बसले. पायातले चांदीचे तोडे काढून सराफाकडं टाकायचं ठरवलं, तर ते साडेपाच-सहा हजाराच्या वर जाईनात.

रात्री जेवताना अण्णांनी ताटाशेजारी त्यांची पानाची चांदीची डबी ठेवली. सासूबाईंनी दिलेली, कमरेला कायम असायची.

"ही पण मोड."

"अण्णा, ती राहू द्या."

"डबी काय, पान पुडीतलंही खाता येतं. कार्डाला हात लावू नको. चार महिने चढलीस, आता घसरू नको."

चार महिन्यांत ते माझ्याशी बोललेलं सगळ्यात मोठं वाक्य. त्यांनाही आकडा पाठ होता, हे मला तेव्हा कळलं. पण तेव्हाही मी नुसतं म्हटलं, "भात वाढू?"

तोडे आणि डबी मोडून मोटार भरून आणली. फाल्गुनात, पाडव्याला बारा दिवस असताना बनसोडे मॅडमनी पडदा माझ्याकडं वळवला. मी डोळे मिटून घेतले होते.

"उघडा. सातशे त्रेपन्न."

मी बँकेत सगळ्यांच्या देखत त्या पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तिच्या गालाला पीठ लागलं. "अहो ताई," ती म्हणाली, पण पुसलं नाही तिनं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी खरेदीखत झालं. बँकेचा चेक, माझा चेक, सह्या, अंगठे. संध्याकाळी त्या महिन्याचं शेवटचं भाडं द्यायला मालकांच्या पेंडीच्या दुकानात गेले. दोन हजार पाचशे मोजून गादीवर ठेवले.

"मालक, तुम्ही थांबलात म्हणून झालं. त्या दिवशी मी जरा वाकडं बोलले, पण बोलले नसते तर..."

मालक माझ्याकडं बघत राहिले. "तुम्हाला काय वाटतं, तुमच्या बोलण्यानं थांबलो?"

"मग?"

त्यांनी गादीच्या मागच्या फळीवरून लाल कापडात बांधलेली एक जुनी वही काढली. पानं पिवळी, कडा उंदरानं कुरतडलेल्या. एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. वर अण्णांचं नाव लिहिलं होतं, दत्तोबा वायकुळे. खाली शेवटच्या ओळीत, बाकी अकरा रुपये.

"माझ्या वडिलांच्या हातचं अक्षर," मालक म्हणाले. "तुमच्या म्हशीची पेंड नेलेली, अण्णा चाळिशीत होते तेव्हा. दसऱ्याच्या आधी अण्णा आले, इथं बसले आणि अकरा रुपये पुढं ठेवले. म्हणाले, खातं कोरं कर. मी दचकलोच. म्हटलं, अण्णा, आपलं काय भांडण झालंय का? का तब्येत बरी नाही?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तर म्हणाले, भांडण नाही. माझ्या बाकीनं सुनेचा नंबर खाली जातोय. कुठल्या कुठल्या अकरा रुपयांनी जातोय ते मला कळत नाही, म्हणून सगळीच मिटवत आलोय. गावात बारा ठिकाणी आहेत. किराणा, कापड, तेलाचा घाणा, चपलावाला, सगळे झाले. तू बारावा."

बारा. बारा अकरे एकशे बत्तीस.

पाच दिवस, त्या उन्हात, ब्याऐंशी वर्षांचा माणूस गावभर हिंडला होता. एकेका दुकानाची पायरी चढून, जन्मभराची माणसं अकरा-अकरा रुपयांनी तोडत. मेलेल्याची नाहीतर भांडलेल्याची रीत स्वतःवर ओढून घेत. आणि बनसोडे मॅडमच्या त्या पडद्यात किराणावाला कुठं दिसत नाही, चपलावाला दिसत नाही, हे मी एका वाक्यात सांगितलं असतं. पण मी बोलतच नव्हते ना! ठाऊक नसेल तर विचारायचं असतं, असं मीच ओरडले होते, आणि विचारायला तोंड मीच ठेवलं नव्हतं.

"मी पैसे घेतले नाहीत," मालक म्हणाले. "म्हटलं, अण्णा, हे घेतले तर तुमचं-माझं राहिलं काय? परत न्या. म्हातारा उठता उठता रडला हो, शालनबाई. मग मला त्या मोबाइलवाल्याचं तोंड बघवेना."

मी तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसून रडले. मालकांनी पाणी मागवलं. थोड्या वेळानं डोळे पुसले आणि गादीवरचे पैसे पुढं सरकवले.

"मालक, भाड्याचं माझं खातं आहे ना तुमच्याकडं?"

"आहे. आज कोरं झालं."

"नाही झालं. यातले अकरा मला परत द्या, आणि माझ्या नावावर बाकी लिहा."

मालकांनी चष्मा चढवला, वही ओढली आणि लिहिलं. मग दहाची नोट नि एक रुपया माझ्या हातावर ठेवला. व्याजाचं काही बोलले नाहीत.

घरी आले तर अण्णा ओसरीवर. सुपारी कागदाच्या पुडीत. मी खाली बसले, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. काय बोलायचं ते वाटेत पाठ करून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"झाला गाळा?" त्यांनी विचारलं.

"झाला. आपला झाला." मी अकरा रुपये त्यांच्या तळहातावर ठेवले. "कलशेट्टी मालकांकडं बाकी ठेवून आलेय. माझ्या खात्यावर."

अण्णांनी नोट उलटून बघितली, नाणं बघितलं. मग घाबरून विचारलं, "नंबर खाली जाईल की ग!"

"नाही जात, अण्णा. दुकानातल्या बाकीनं जात नाही. फक्त बँकेत ठेवायची नाही. बँकेत पैसान्‌पैसा कोरं."

"फक्त बँकेत?"

"फक्त बँकेत."

ते एकदम उठले. खुंटीवरची टोपी घेतली, लाल पिशवी घेतली, चपला पायात सरकवल्या.

"आता कुठं निघालात? अंधार पडला!"

"उद्या पाडवा. किराणावाला अजून बसलेला असंल. अकरा खाती परत उघडायचीत."

मी कनवटीची गाठ सोडवत म्हटलं, "थांबा, पैसे किती देऊ?"

"पैसे कशाला?" अण्णा पायरी उतरता उतरता म्हणाले. "उधारी करायला पैसे लागतात होय, शालन?"